लॅडर की डेल्टा-सिग्मा: रात्री, हळू आवाजात

डॅक, म्हणजे डिजिटल फाइलमधल्या आकड्यांचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारा डबा, घ्यायला निघालेला माणूस बहुतेक एकाच वळणावर येऊन थांबतो. एका हाताला आर-टू-आर, म्हणजेच लॅडर, रेझिस्टरच्या शिडीवर चालणारा डबा. दुसऱ्या हाताला डेल्टा-सिग्मा चिपचा. कागदावर डेल्टा-सिग्मा सरळसरळ पुढे असतो, आणि ज्याने लॅडर ऐकलाय तो म्हणतो, कागद बाजूला ठेवा. मी या दोघांच्या मध्ये बराच काळ लटकलो. आधी लॅडर घेतला, चार वर्षं तोच ऐकला, मग डेल्टा-सिग्मा आणला. आज टेबलावर कोणता आहे ते पुढे कळेलच. पण लॅडर आवडत नव्हता म्हणून हलला असं अजिबात नाही.

सॅम्पल रेट म्हणजे काय, १६ आणि २४ बिटमध्ये फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ३८४ किलोहर्ट्झ चालतं की ७६८, डीएसडी घेतो का, ब्लूटूथ आहे का, या रकान्यांत मी शिरणार नाही. हल्ली ते दोन्हीकडे भरलेलेच असतात. जिटरचंही, म्हणजे डॅकच्या घड्याळाचे ठोके मागेपुढे होण्याचंही, लांबवत नाही. १० किलोहर्ट्झच्या सुराला १०० पिकोसेकंदांचा जिटर असेल तर त्याचा उपद्रव सुराच्या १०४ डेसिबल खाली जाऊन पडतो. बरं घड्याळ असलेला कुठलाही डबा या परीक्षेत पास होतो.

ठळक आकड्याचं काय करायचं

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो टीएचडी प्लस एन, म्हणजे डिस्टॉर्शन (सुरात शिरलेली विकृती) आणि गोंगाट मिळून सुराच्या किती डेसिबल खाली आहेत तो आकडा. चांगल्या डेल्टा-सिग्मावर तो वजा ११५, वजा १२० असा दिसतो. लॅडरवर बऱ्याचदा वजा ९० च्या आसपास. इथेच अनेकजण निर्णय घेऊन मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

आधी डेल्टा-सिग्माच्या बाजूने बघू. १२० डेसिबलचे खरे बिट काढायचे तर त्यातून १.७६ वजा करून ६.०२ ने भागायचं. उत्तर येतं १९.९ नाही, २० नाही, १९.६. डब्यावर मात्र २४ किंवा ३२ छापलेलं असतं. २४ बिटांना खरोखर जागायचं तर १४६ डेसिबल लागतील, आणि ते कुणालाच जमत नाही, कारण एक किलोओहमचा साधा रेझिस्टरसुद्धा नुसत्या खोलीच्या उष्णतेने २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा जास्त गोंगाट करतो. २ व्होल्टच्या आउटपुटशी तुलना केली तर तो साधारण १३१ डेसिबल खाली. आपल्या खोलीतला पंखा त्याच्या कितीतरी वर असतो. तेव्हा ११६ वाला घ्यावा की १२२ वाला, यात रात्री जागवू नका.

आता लॅडरच्या बाजूने. त्याचा वजा ९० हा आकडा वाईट वाटतो, पण मोठ्या आवाजाच्या गाण्यात वजा ९० वर चाललेली गडबड ऐकू येणारा कान मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे आकड्याच्या भरवशावर लॅडरला बाद करणं हाही अन्यायच.

खरी गोम वेगळीच आहे. हा आकडा पूर्ण पातळीच्या, १ किलोहर्ट्झच्या सुरावर घेतात, आणि तोही डबा नीट तापल्यावर. संगीत तिथे राहत नाही. ते बहुतेक वेळ त्याच्या बरंच खाली असतं, आणि सूर विरताना तर फारच खाली जातं. जुन्या मल्टिबिट, म्हणजे आकड्यातले सगळे बिट एकदम मांडणाऱ्या, चिपच्या डेटाशीटमध्ये डिस्टॉर्शन तीन ओळींत देत: पूर्ण पातळीला किती, वजा २० डेसिबलला किती, वजा ६० ला किती. तिसरी ओळ वाचवत नसे, पण निदान ती असे. आजच्या डब्यांच्या जाहिरातीत एकच ओळ उरली आहे, पहिली. डायनॅमिक रेंजचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजापासून गोंगाटापर्यंतच्या अंतराचा, आकडा वजा ६० च्या सुरावर घेतात, हे खरं. त्यामुळे लॅडरच्या कागदावर टीएचडीपेक्षा तो आधी शोधा. सापडला नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

शिडीची मधली पायरी

लॅडर कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे. मला त्यातली एकच जागा दाखवायची आहे, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं.

१६ बिटांची शिडी घ्या, म्हणजे प्रत्येक बिटाला एक असे सोळा स्विच. प्रत्येक स्विच आधीच्याच्या दुप्पट वजनाचा. सगळ्यात वरचा एकटा ३२,७६८ पायऱ्यांच्या वजनाचा, आणि खालचे पंधरा मिळून ३२,७६७ चे. आता सिग्नल अगदी मध्यावर आहे आणि त्याला एकच पायरी वर जायचंय. तेवढ्यासाठी खालचे पंधराच्या पंधरा स्विच बंद होतात आणि वरचा एकटा चालू होतो. तराजूतली पंधरा छोटी वजनं उतरवून एक मोठं वजन ठेवायचं आणि फरक फक्त एका दाण्याचा यायला हवा, असा हा व्यवहार.

मोठ्या वजनात ०.०१ टक्क्याची खोट असेल तर? ३२,७६८ चा दहाहजारावा भाग म्हणजे सव्वातीन पायऱ्या. एका दाण्याऐवजी चार दाण्यांची उडी, किंवा खोट उलट दिशेची असेल तर वर जाण्याऐवजी चक्क खाली घसरण. डेटाशीटमध्ये याला डिफरन्शियल नॉन-लिनिॲरिटी म्हणतात, डीएनएल. ऑडिओच्या डब्यांवर हा आकडा सहसा छापत नाहीत. मोजमापाच्या उपकरणांसाठी बनवलेल्या डॅकच्या डेटाशीटमध्ये तो पहिल्याच पानावर असतो, का ते तुम्हीच ठरवा.

आता खरी गंमत. ही मधली पायरी असते कुठे? ध्वनीच्या लाटेत मध्य म्हणजे शून्य. म्हणजे शांतता. लाट मोठी असो की छोटी, प्रत्येक आवर्तनात ती शून्य दोनदा ओलांडते, आणि प्रत्येक वेळी शिडीच्या नेमक्या सगळ्यात कच्च्या सांध्यावर पाय देऊन ओलांडते. पूर्ण पातळीच्या लाटेला सव्वातीन पायऱ्यांचा ठेचकाळा म्हणजे काहीच नाही. पण वजा ८० डेसिबलच्या लाटेची उंची किती असते? ३२,७६८ चा दहाहजारावा भाग. तेच सव्वातीन. लाट जेवढी उंच, तेवढीच तिच्या वाटेतली ठेच. मोठी लाट ठेचेवरून नकळत निघून जाते. लहानगी मात्र प्रत्येक फेरीत तोंडावर आपटते.

हे काही मला लागलेला शोध नाही. बर-ब्राउनच्या पीसीएम५६ या १६ बिट चिपला सगळ्यात वरचा बिट जुळवण्यासाठी वेगळी पिन दिलेली होती. तिथे बाहेरून ट्रिमर, म्हणजे पिळून जुळवायचा छोटा रेझिस्टर, लावायचा आणि शून्यावरची ठेच हाताने घासून काढायची. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए चिपमधले सरस नग वेगळे निवडून त्यांच्यावर छोटासा मुकुट छापत. पुढे पीसीएम६३ आणि पीसीएम१७०४ मध्ये दोन शिड्याच ठेवल्या, एक शून्याच्या वरच्या भागासाठी आणि एक खालच्या. छोट्या लाटेला मग मोठं वजन हलवावंच लागत नाही. म्हणजे लॅडर करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं डोकं कशावर फोडलं, तर या एका पायरीवर. जे दुखणं एवढ्या लोकांनी एवढ्या परींनी बरं करायचा प्रयत्न केला, ते काल्पनिक नसणार.

आजचे सुट्या रेझिस्टरचे डबे याच पायरीवर वेगळ्या पद्धतीने उपाय करतात. काही वरचे तीन-चार बिट समान वजनांत फोडतात, काही आतल्या प्रोग्रामेबल चिपमध्ये दुरुस्तीचा तक्ता ठेवतात. चांगलं करतात. पण ‘२४ बिट, ०.०१ टक्का रेझिस्टर’ एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तर लक्षात घ्या, नुसत्या ०.०१ टक्क्याच्या जोरावर शिडी साधारण १३ बिटांपर्यंतच सरळ उभी राहते. पुढचं सगळं त्या तक्त्याच्या कृपेवर.

माझं नेमकं काय बिनसलं

माझी मांडणी साधी: लॅपटॉप, त्याला डॅक, आणि डॅकमधून थेट ॲक्टिव्ह स्पीकर. मध्ये आवाज कमी-जास्त करणारा प्रीॲम्प नाही. आवाज कमी-जास्त करायचा तो प्लेअरमध्ये, माउसने. दिवसा मी जवळपास ऐकत नाही. ऐकायची वेळ रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, स्लायडर चांगलाच खाली ओढून.

पहिले काही महिने काहीच जाणवलं नाही. मग एका रात्री एकट्या पियानोचं रेकॉर्डिंग लावलं होतं. शेवटची पट्टी दाबून धरलेली, सूर लांबत लांबत विरत चाललेला. आणि विरता विरता त्याला एक बारीक कुरकुर लागली. कोरा कागद हळूच चुरगाळावा तशी. सूर जितका खाली जाई तितकी कुरकुर त्याच्यापेक्षा मोठी होई, आणि शेवटी सूर संपायच्या जरा आधी दोन्ही एकदम तुटल्यासारखी बंद.

आधी रेकॉर्डिंगवर आळ घेतला. मग केबलवर. मग स्पीकरवर. हेडफोन लावून पाहिला, कुरकुर तिथेही. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज मोठा ठेवून तेच लावलं, तर काहीच नाही. तेव्हा ट्यूब पेटली. मी प्लेअरमध्ये आवाज ३० डेसिबल खाली ओढतो तेव्हा आकडेच लहान होतात आणि लहान झालेले आकडे शिडीकडे जातात. रेकॉर्डिंगमध्ये वजा ५० वर असलेला सूर शिडीपाशी पोचतो तो वजा ८० चा होऊन. शिडीची ठेच मात्र जिथल्या तिथे, जेवढीच्या तेवढी. मी आवाज कमी केला की ठेच कमी होत नाही, संगीत तेवढं कमी होतं.

उपाय होता, आणि तो मी काही महिने केलाही. प्लेअरमध्ये आवाज पूर्ण ठेवायचा आणि स्पीकरच्या पाठीमागची बटणं पिरगाळायची. दोन स्पीकर, दोन बटणं, दोन्ही भिंतीकडे तोंड करून, आणि कुठल्याही खुणेवर दोघांचं कधीच एकमत नाही. रोज रात्री अंधारात चाचपडत डावी-उजवी बाजू जुळवायची. एकदा डावा स्पीकर खालीच पाडला. ऐकायला बसण्याआधी हा एवढा संसार कुणाला करायचाय?

दुसरी गोष्ट त्याहून चिडवणारी निघाली. डबा नुकताच चालू केला असेल तर कुरकुर जास्त. अर्धा-पाऊण तास तापू दिला की ती बरीच मऊ पडायची. यामागे जादू नाही. रेझिस्टरचं मूल्य तापमानाने सरकतं; सगळे एकसारखे सरकले तर बिघडत नाही, कारण शिडीला गुणोत्तरं लागतात, मूल्यं नव्हे. पण शेजारच्यापेक्षा एखादा अंशामागे दशलक्षात पाचच भाग जास्त सरकला आणि डब्याच्या आत २० अंशांनी गरम झालं, की शंभर भाग झाले. म्हणजे पुन्हा तोच ०.०१ टक्का. बनवणाऱ्याने शिडी गरम डब्यात जुळवलेली असेल तर थंड डब्यात ती बिनजुळवलेलीच असणार. मला ऐकायला तास-सव्वातास मिळतो, त्यातला अर्धा शिडीला घाम येण्याची वाट बघण्यात जायचा. ‘चोवीस तास चालूच ठेवा की,’ असं मला अनेकांनी सांगितलं. ठेवता येतो. मला ठेवायचा नव्हता.

हे माझ्या एका नगाबद्दल आहे, आणि तो सुट्या रेझिस्टरचा होता. तुमचा नग माझ्यापेक्षा चांगला निघू शकतो. एकाच थरावर कोरलेल्या रेझिस्टरच्या जाळ्यात असं सरकणं बरंच कमी असतं. घरच्या शांततेवरही अवलंबून आहे. रस्त्याकडेच्या खोलीत ही कुरकुर मला ऐकूच आली नसती.

डेल्टा-सिग्मा यातून कसा सुटतो

१९६२ मध्ये जपानमध्ये इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी डेल्टा-सिग्माची कल्पना मांडली. तिचं मर्म असं की बारीक पायऱ्या अचूक बनवण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. मोजक्याच जाड पायऱ्या घ्यायच्या, त्यांच्यात प्रचंड वेगाने उड्या मारायच्या, आणि त्यातून होणारी चूक कानाच्या पल्ल्यापलीकडे ढकलायची. डिस्क प्लेअरमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकबिटी चिप आल्या तेव्हा मल्टिबिटवाल्यांनी नाकं मुरडली, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. एका बिटाच्या मोड्युलेटरला, म्हणजे या उड्या ठरवणाऱ्या भागाला, नीट डिदर (चूक सुराला चिकटू नये म्हणून मुद्दाम मिसळलेला हलका गोंगाट) देता येत नाही, हे लिपशिट्झ आणि व्हँडरकूय या ध्वनिसंशोधकांनी २००१ मध्ये ठासून मांडलं होतं. आजच्या चांगल्या ऑडिओ चिप म्हणूनच एकबिटी नसतात. त्यांच्यात समान वजनाचे अनेक घटक असतात आणि प्रत्येक वेळी कुठले घटक वापरायचे ते आलटून पालटून ठरतं.

समान वजनाचे, हे महत्त्वाचं. इथे कुणी एकटा मोठा नाही. एका घटकात खोट असली तरी ती शून्यावर ठाण मांडून बसत नाही. पाळी फिरत राहते आणि खोट सगळीकडे पसरून साध्या हिसमध्ये, म्हणजे एकसारख्या सळसळीत, विरघळते. हिस म्हणजे काही चांगली गोष्ट नाही. पण हिस सुराच्या मागे लागत नाही. सूर विरतो, हिस होती तेवढीच राहते, आणि सूर तिच्यात अलगद बुडतो. कुरकुर मात्र सुराला चिकटून येते. कानाला या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, आणि टीएचडी प्लस एन या आकड्यात त्या दोन्ही एकाच पोत्यात भरलेल्या असतात.

गंमत म्हणजे मल्टिबिटचे चाहते ज्या जुन्या काळाची आठवण काढतात, त्या काळातही शुद्ध मल्टिबिट सगळीकडे नव्हतंच. फिलिप्सच्या पहिल्या पिढीच्या प्लेअरमध्ये टीडीए१५४० ही १४ बिटांची चिप होती. ती आर-टू-आर नव्हे, पण मल्टिबिट घराण्यातलीच. तिच्यातून १६ बिट काढले ते चौपट ओव्हरसॅम्पलिंग (सॅम्पलच्या मध्ये आणखी सॅम्पल भरणं) आणि नॉइज शेपिंग (चूक कानाच्या पल्ल्यापलीकडे ढकलणं) करून. सोवळंओवळं सुरुवातीपासूनच मोडलेलं होतं म्हणायचं.

डेल्टा-सिग्माच्या तक्रारी नाहीत असं नाही. माझ्या डब्यात सात डिजिटल फिल्टर आहेत. पहिल्या आठवड्यात मी सातही ऐकून वहीत टिपणं काढली. महिन्याने तीच टिपणं वाचली तेव्हा कुठलं कशाबद्दल होतं ते मलाच सांगता येईना. दुसरी तक्रार खरीखुरी आहे. गाणं थांबून काही सेकंद गेले की डबा स्वतःला म्यूट करतो, आणि पुढचं गाणं सुरू झालं की जागा व्हायला क्षणभर घेतो. तेवढ्यात गाण्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. सॅम्पल रेट बदलला तरी तेच. लॅडरने असं कधी केलं नाही. मी प्लेअरमध्ये ‘थांबल्यावरही शांतता पाठवत राहा’ अशी सोय चालू करून ठेवली आहे, तेव्हापासून बरं चाललंय. आणि हो, श्रवणपट्ट्याच्या वर ढकललेला तो गोंगाट आउटपुटमध्ये थोडा उरतोच. माझ्या स्पीकरला त्याचं सोयरसुतक नाही. एखाद्या अतिविस्तृत पट्ट्याच्या ॲम्प्लिफायरला असू शकेल.

लॅडरची ती ऊब

लॅडरबद्दल जे ‘ऊबदार’, ‘ॲनालॉगसारखा’ वगैरे बोलतात, ते मलाही ऐकू यायचं. नाकारत नाही. डेल्टा-सिग्मा आणल्यावर पहिले दोन आठवडे झांजा जरा जास्तच उजळ वाटल्या आणि मी जवळजवळ परत फिरलो होतो.

मग एक हिशेब केला. माझा लॅडर मी ओव्हरसॅम्पलिंग बंद करून ऐकायचो, ज्याला नॉस म्हणतात. त्यात प्रत्येक सॅम्पल पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, आणि या धरून ठेवण्यानेच वरच्या पट्टीचा आवाज आपोआप ढळतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल, १५ वर १.७, आणि २० वर ३.२ डेसिबल. हे चिपच्या दर्जावर अवलंबून नाही, निव्वळ गणित आहे. मी डेल्टा-सिग्माच्या आधी प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये हाच उतार बसवला. ऊब बरीचशी इकडे चालत आली. सगळी नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पण एवढी आली की उरलेल्या भागासाठी मी रोज अर्धा तास डबा तापवत बसलो नसतो. गंमत म्हणजे दीडेक महिन्याने तो उतारही काढून टाकला. कान सरावला होता.

कान सरावतो, हेच तर सगळं घोटाळ्याचं आहे, म्हणून भावाला बसवलं. दोन्ही डब्यांचा आवाज मल्टिमीटरने जुळवला. त्यासाठी १०० हर्ट्झचा सूर वापरला, कारण साधे मल्टिमीटर किलोहर्ट्झला काय वाटेल ते दाखवतात. कुठला डबा चालू आहे ते त्याला दिसत नव्हतं. नेहमीची गाणी, नेहमीच्या आवाजात, दोन्हीला वरच्या पट्टीचा उतार सारखा करून. त्याने पंधरा मिनिटं ऐकून विचारलं, ‘तू खरंच बदलतोयस ना?’ मग विरणारा सूर लावला, लॅडर थंड असताना. तिथे तो एकदाच चुकला. हे काही शास्त्र नव्हे, एक भाऊ आणि एक संध्याकाळ. पण माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

मग घ्यायचं काय

तुमच्याकडे चांगला प्रीॲम्प असेल आणि डॅकला नेहमी पूर्ण पातळीचा सिग्नल मिळणार असेल, डबा कायम चालू ठेवायला तुमची हरकत नसेल, आणि ऐकणं बहुतेक मोठ्या, भरलेल्या संगीताचं असेल, तर लॅडर घ्यायला मी अडवणार नाही. माझ्या तक्रारी तुमच्या वाट्याला येणारच नाहीत. दोन शिड्यांची, म्हणजे शून्याच्या वर-खाली वेगळी रचना असलेला मिळाला तर त्याकडे आधी वळा. रिलेने, म्हणजे आतल्या टकटकणाऱ्या स्विचने, आवाज बदलणारे लॅडरही आहेत. त्यांची टकटक चालत असेल तर तोही रस्ता आहे.

पण प्लेअरमधूनच आवाज कमी करणार असाल, रात्री हळू ऐकणार असाल, डबा लावला की लगेच ऐकायला बसायचं असेल, तर माझा कल उघड आहे. त्यातही सगळ्यात वरचा आकडा असलेला डेल्टा-सिग्मा शोधू नका. मधला एखादा, ज्याचं म्यूट होणं छळत नाही, तो बघा. सध्या माझ्या टेबलावर असाच एक आहे. लॅडर आतल्या खोलीत जुन्या ॲम्प्लिफायरला लावलाय, तिथे आवाजाचं बटण ॲम्प्लिफायरलाच आहे, आणि तिथे तो फार गोड वाजतो.

घेण्याआधी आठवडाभर वापरून परत करायची सोय असेल तर एकच चाचणी करा. कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये ५०० हर्ट्झचा साधा सूर बनवा, वजा ६० पासून वजा ११० डेसिबलपर्यंत मिनिटभरात सरळ उतरणारा, २४ बिटमध्ये, डिदर देऊन. डबा थंड असताना हेडफोन लावून तो ऐका, आवाज सूर नीट ऐकू येईल इतका वर घ्या. शेवटच्या वीस सेकंदांत सूर नुसता हिसमध्ये बुडतोय की त्याला काही चिकटलंय, तेवढंच बघायचं. पाऊण तासाने पुन्हा तेच.

आणि संपलं की आधी आवाज खाली आणा, मगच प्लेअरला हात लावा. माझ्या यादीत त्या फाइलच्या पुढे एक ढोलताशाचं रेकॉर्डिंग होतं.